बिटकॉइनच्या जोडीला इतर नाणी का हवीत

3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला. एप्रिल 2011 मध्ये त्याच्याच प्रोग्रॅममध्ये फेरफार करून नेमकॉइन हे पहिले वेगळे नाणे निघाले. इंटरनेटवरील पत्त्यांची नोंद कोणत्याही मध्यवर्ती संस्थेच्या हाती न ठेवता करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार्ली ली यांनी लाइटकॉइन आणले. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी बनतो, लाइटकॉइनचा अडीच मिनिटांनी. बिटकॉइनची कमाल संख्या 2 कोटी 10 लाख, लाइटकॉइनची 8 कोटी 40 लाख. त्यानंतर अशी हजारो नाणी निघाली आणि त्यांतली बहुतेक विस्मरणात गेली. हा पसारा पाहून कूटचलनांच्या जगात एक ठाम मत तयार झाले आहे: बिटकॉइन तेवढे खरे, बाकीची अनावश्यक आणि त्यांतली बरीचशी फसवी. हे मत मांडणाऱ्यांत या विषयाचे उत्तम जाणकार आहेत. म्हणून इतर नाण्यांची बाजू मांडण्याआधी त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे.

त्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा पैशाच्या स्वभावाचा आहे. जो पैसा जास्त लोक घेतात, तो घेणे पुढच्या माणसाला सोयीचे होते, आणि असे होत होत बाजार एका चलनाकडे झुकतो. अनेक चलनांचा भुर्दंड महाराष्ट्राने स्वतः सोसलेला आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच काळात चालत. एक रुपया देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घेई, आणि तो भार शेवटी रयतेवर आणि छोट्या व्यापाऱ्यावर पडे. कूटचलनांच्या एक्स्चेंजवर प्रत्येक अदलाबदलीला द्यावे लागणारे शुल्क हा त्याच बट्ट्याचा आजचा अवतार आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. ज्या साखळीची, म्हणजे नाण्याच्या व्यवहारांच्या वहीची, राखण मायनिंगवर, म्हणजे संगणकांच्या गणनास्पर्धेवर, अवलंबून असते, ती तिच्यामागे उभ्या असलेल्या संगणकशक्तीइतकीच भक्कम असते. निम्म्याहून अधिक शक्ती एकाच्या हाती गेली, की तो झालेले व्यवहार मागे फिरवून तेच नाणे दोनदा खर्च करू शकतो. मे 2018 मध्ये बिटकॉइन गोल्ड या नाण्यावर असा हल्ला झाला आणि सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलरचा दुहेरी खर्च झाला. इथेरियम क्लासिकवर जानेवारी 2019 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2020 मध्ये असेच हल्ले झाले. शक्ती अनेक साखळ्यांत विभागली, की प्रत्येक साखळी थोडी दुबळी होते, हे खरे आहे.

या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण बिटकॉइनचे सामर्थ्य नेमके कशात आहे याकडे त्यात दुर्लक्ष होते. बिटकॉइनची किंमत त्याच्या नियमांच्या स्थैर्यात आहे. 2 कोटी 10 लाखांची मर्यादा कोणी उद्या उठवणार नाही, या खात्रीवर लोक ते जपून ठेवतात. ही खात्री टिकवायची तर नियम बदलणे अतिशय कठीण असावे लागते, आणि ते तसे आहेही. 2015 ते 2017 या काळात ब्लॉकचा आकार वाढवावा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर विकसक, मायनर आणि मोठ्या कंपन्या यांच्यात कडवा संघर्ष झाला. आकार वाढवू पाहणाऱ्यांना अखेर 1 ऑगस्ट 2017 रोजी बाहेर पडून बिटकॉइन कॅश ही वेगळी साखळी काढावी लागली.

ज्या व्यवस्थेत चूक परवडत नाही, तिच्यात प्रयोग करता येत नाहीत. परंतु पैशाची ही कल्पना अजून तरुण आहे आणि तिच्यापुढचे कित्येक प्रश्न अनुत्तरित आहेत. ती उत्तरे कुठेतरी शोधावीच लागतील. शोधणाऱ्याच्या हातून चुका होतील आणि त्या चुकांची किंमत खऱ्या पैशात मोजावी लागेल, कारण ज्या चाचणी-जाळ्यावरची नाणी फुकट मिळतात, तिथे चोरी करण्याची कोणालाच गरज नसते. इतर नाण्यांच्या अस्तित्वाचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. बिटकॉइन न बदलता राहू शकते, कारण बदल करून पाहण्याची जागा त्याच्या बाहेर उपलब्ध आहे.

सेगविट या सुधारणेचा इतिहास याचा स्वच्छ पुरावा आहे. व्यवहारातील सहीचा भाग वेगळा ठेवून ब्लॉकमध्ये अधिक व्यवहार बसवण्याची ही पद्धत बिटकॉइनच्या विकसकांनीच आखली होती. पण या रचनेत ठेवलेला पैसा कोणीही उचलून नेऊ शकेल, अशी भीती विरोधक पसरवत होते, आणि वाद मिटेना. मे 2017 मध्ये लाइटकॉइनने सेगविट लागू केले. तेव्हा एका अनामिक माणसाने सुमारे 10 लाख डॉलरचे लाइटकॉइन अशा पत्त्यावर ठेवले आणि चोरून दाखवा, असे आव्हान दिले. ते कोणालाही जमले नाही. त्याच ऑगस्टमध्ये बिटकॉइनवरही सेगविट लागू झाले. श्नॉर या सहीच्या पद्धतीचेही असेच झाले: बिटकॉइन कॅशने ती मे 2019 मध्ये स्वीकारली, बिटकॉइनमध्ये ती टॅपरूट सुधारणेबरोबर नोव्हेंबर 2021 मध्ये आली. कल्पनांचा प्रवास उलट दिशेनेही होतो. व्यवहाराची रक्कम झाकून ठेवण्याची कल्पना बिटकॉइनच्या वर्तुळात अॅडम बॅक आणि ग्रेगरी मॅक्सवेल यांनी विकसित केली. मूळ बिटकॉइनमध्ये तिला जागा मिळाली नाही, आणि 2017 च्या जानेवारीपासून ती मोनेरोच्या साखळीत प्रत्यक्ष वापरात आहे.

झेडकॅशचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. 28 ऑक्टोबर 2016 रोजी सुरू झालेल्या या नाण्याने शून्य-ज्ञान सिद्धता हे गणित प्रथमच चालू चलनात आणले. पैसे कोणी, कोणाला आणि किती दिले हे न उघडता व्यवहार नियमानुसार झाला आहे एवढेच त्यात सिद्ध करता येते. मार्च 2018 मध्ये झेडकॅश कंपनीतील गणितज्ञ एरियल गॅबिझोन यांना या गणिताच्या मूळ शोधनिबंधातच एक दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन कोणीही हवी तेवढी खोटी नाणी तयार करू शकला असता, आणि रकमा झाकलेल्या असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नसते. ऑक्टोबर 2018 च्या सुधारणेत तो दोष काढण्यात आला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर करण्यात आला. कोणी त्याचा गैरवापर केल्याचा पुरावा मिळाला नाही. पण हे तंत्र उत्साहाच्या भरात 2016 मध्ये बिटकॉइनमध्येच आणले असते, तर 2 कोटी 10 लाख या आकड्यावरचा जगाचा विश्वास त्या दिवशी संपला असता. धोका एका छोट्या साखळीने, तो पत्करण्यास तयार असलेल्या धारकांनी, पेलला. त्यातून तावून सुलाखून निघालेले गणित आज इथेरियमवरील अनेक उपसाखळ्या वापरतात.

बिटकॉइनच्या प्रोग्रॅमवर बाहेरच्यांची नजर असणे हेही त्याच्या हिताचे आहे. सप्टेंबर 2018 मध्ये बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर चूक आढळली. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा वापरले आहे का, ही तपासणी वेग वाढवण्याच्या प्रयत्नात एका ठिकाणी गाळली गेली होती. पुरेशा संगणकशक्तीच्या मायनरला तिच्या आधारे शून्यातून बिटकॉइन निर्माण करता आले असते. ही चूक गुपचूप कळवणारा विकसक बिटकॉइन कॅशच्या गोटातला होता. ज्या प्रतिस्पर्ध्यांना बिटकॉइनचे जाणकार फुटीर म्हणत होते, त्यांच्यातल्याच एकाने बिटकॉइनला वाचवले. दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी आली. मात्र तोच प्रोग्रॅम उचललेल्या पिजनकॉइन नावाच्या छोट्या नाण्यावर काही दिवसांत कोणीतरी हीच चूक वापरून सुमारे 23 कोटी 50 लाख खोटी नाणी तयार केली. ती भीती पोकळ नव्हती, हे त्यावरून कळले.

काही प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे एका साखळीवर तपासताच येत नाहीत. तुलनेला दुसरी लागतेच. बिटकॉइनमध्ये मायनरला मिळणारे नवे नाणे दर 2 लाख 10 हजार ब्लॉकनंतर निम्मे होते. सुरुवातीला ते 50 होते, एप्रिल 2024 पासून 3.125 आहे, आणि 2140 च्या सुमारास शून्य होईल. त्यानंतर साखळीची राखण केवळ व्यवहारशुल्कावर चालेल. ते पुरेल की नाही, हे कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. मोनेरोने दुसरा मार्ग धरला आहे. जून 2022 पासून त्याच्या प्रत्येक ब्लॉकला 0.6 नाणे कायमचे मिळत राहील, म्हणजे थोडी पण अखंड चलनवाढ पत्करून सुरक्षेचा खर्च भागवला जाईल. कोणता मार्ग बरोबर ठरेल हे काळ ठरवील. पण दोन्ही मार्ग चालू असणे हे एकाच मार्गावर सगळी मदार ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

विजेच्या खर्चाचा प्रश्नही असाच. बिटकॉइनचे मायनिंग एखाद्या मध्यम देशाइतकी वीज वापरते, आणि तिच्यावरची टीका गंभीर आहे. 2012 मध्ये पीअरकॉइनने संगणकशक्तीऐवजी नाण्यांच्या ठेवीवर साखळीची राखण सोपवून पाहिली. हीच दिशा पुढे नेत इथेरियमने 15 सप्टेंबर 2022 रोजी मायनिंग पूर्णपणे थांबवले, आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. ठेवीच्या पद्धतीत श्रीमंतांचे वजन वाढते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मायनिंगमध्येही केंद्रीकरण होतेच. जून 2014 मध्ये जीहॅश डॉट आयओ या एकाच मायनिंग समूहाकडे बिटकॉइनची निम्मी शक्ती जमा झाली होती, आणि 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घालताच जगातील बिटकॉइनची संगणकशक्ती काही आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आली. दोन्ही पद्धतींचे दोष वेगळे आहेत, म्हणूनच दोन्ही जिवंत असण्यात अर्थ आहे. एका सरकारी हुकमाने किंवा एका तांत्रिक चुकीने सगळी कूटचलने एकदम कोसळू नयेत, असे वाटणाऱ्याने त्यांचा पाया एकच असावा असा आग्रह धरता कामा नये.

पैसा एकाच कामासाठी लागत नाही, ही गोष्टही एका चलनाच्या आग्रहात निसटते. डिसेंबर 2017 मध्ये बिटकॉइनच्या एका व्यवहाराचे सरासरी शुल्क काही दिवस 50 डॉलरच्या वर गेले होते. दहा लाख डॉलर हलवणाऱ्याला ते काहीच नाही. घरी दोनशे डॉलर पाठवणाऱ्याला ते अशक्य आहे. डॉलरशी भाव बांधलेले टेदर 2014 मध्ये बिटकॉइनच्याच साखळीवर सुरू झाले होते. आज त्याचा मुख्य वापर इथेरियम आणि ट्रॉन या साखळ्यांवर होतो आणि 2023 मध्ये कंपनीने बिटकॉइनवरील मूळ रूपाला निरोप दिला. कोणी सक्ती केली नव्हती. वेग आणि शुल्क पाहून वापरणारे तिकडे गेले. भारतीय अभियंत्यांनी 2017 मध्ये मॅटिक या नावाने सुरू केलेल्या आणि आता पॉलिगॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साखळीची चाचणी-जागा दीर्घ काळ 'मुंबई' या नावानेच चालत होती. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने सुमारे 65 हजार जातीच्या दाखल्यांची नोंद याच साखळीवर ठेवण्याचे काम हाती घेतले, जेणेकरून बनावट दाखला चटकन ओळखता यावा. अशी नोंद बिटकॉइनवरही करता येते, पण दाखल्यामागे येणारा खर्च तहसील कार्यालयाला परवडण्याजोगा असावा लागतो.

गोपनीयतेची गरजही वेगळ्या नाण्यांनी भागवली आहे. बिटकॉइनची वही सर्वांना कायमची उघडी असते. 2016 मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून चोरीला गेलेल्या नाण्यांपैकी 94 हजारांहून अधिक बिटकॉइन अमेरिकी तपास यंत्रणांनी 2022 मध्ये माग काढून जप्त केले, ते या उघडेपणामुळेच. चोर सापडणे चांगलेच. पण ज्या व्यापाऱ्याचे सगळे पुरवठादार, दर आणि गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याला दिसतात, त्याला असा पैसा वापरणे अवघड आहे. दडपशाहीच्या राजवटीत देणग्या घेणाऱ्या कार्यकर्त्याला तो धोक्याचा आहे. मोनेरो आणि झेडकॅश ही उणीव भरून काढतात. गुन्हेगारही त्यांचा वापर करतात, आणि त्यामुळे अनेक एक्स्चेंजनी मोनेरो काढून टाकले आहे. हा वाद समाजाला सोडवावा लागेल, पण तो बिटकॉइनपासून वेगळ्या साखळीवर चालला आहे, हे बिटकॉइनच्या दृष्टीने बरेच झाले.

यावर एक सुजाण उत्तर दिले जाते: नवे नाणे कशाला, बिटकॉइनच्या वरच्या थरात हवे ते बांधा. 2014 च्या ऑक्टोबरात अॅडम बॅक आणि सहकाऱ्यांनी उपसाखळ्यांची योजना मांडली. 2018 पासून लाइटनिंगचे जाळे प्रत्यक्ष चालू आहे आणि छोटी देणी त्यावरून क्षणात होतात. हे काम मोलाचे आहे. तरी त्याची मर्यादा स्पष्ट आहे. लिक्विड या उपसाखळीत बिटकॉइन नेले, की ते ठरावीक संस्थांच्या गटाच्या ताब्यात राहते, म्हणजे ज्या विश्वासापासून सुटका हवी होती तोच मागच्या दाराने आत येतो. शिवाय वरचा थर पायाचे नियम बदलू शकत नाही. नवी नाणी किती निघावीत, राखण कोणी करावी, वही किती झाकलेली असावी हे पायाचे प्रश्न आहेत, आणि त्यांचे वेगळे उत्तर हवे असेल तर वेगळा पाया घालावा लागतो.

नाणी वाढली म्हणजे बिटकॉइनची दुर्मीळता संपली, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. प्रोग्रॅमची नक्कल करता येते, पण त्यामागच्या लोकांची, यंत्रांची आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाची नक्कल होत नाही. बिटकॉइन कॅश निघाले तेव्हा प्रत्येक बिटकॉइनधारकाला तितकेच नवे नाणे आपोआप मिळाले. बाजाराने दोघांचे भाव वेगळे लावले आणि मूळ बिटकॉइन कितीतरी वर राहिले.

सगळ्यांत वजनदार आक्षेप फसवणुकीचा आहे, आणि त्याला उत्तर देताना सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. वनकॉइन या तथाकथित नाण्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. 2017 च्या एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या प्रचारसभेवर छापा घालून अनेकांना अटक केली होती. पुणे पोलिसांनी तपासलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष होते, आणि पैसे देण्याची वेळ आली तेव्हा गुंतवणूकदारांच्या हाती एमकॅप हे घरचेच नाणे ठेवण्यात आले. मे 2022 मध्ये टेराचे डॉलरशी बांधलेले चलन कोसळले, आणि त्याला टेकू देणाऱ्या लुना नाण्याची संख्या काही दिवसांत सुमारे 35 कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. असंख्य कुटुंबांची पुंजी अशा प्रकारांत बुडाली आहे. तिची भरपाई कोणताही तात्त्विक युक्तिवाद करू शकत नाही.

मात्र यातून मिळणारा धडा नाणी पारखण्याचा आहे. बिटकॉइनने जाणूनबुजून सोडून दिलेल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर हे नाणे शोधते, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर त्याची गरज नाही. त्याचे वाटप कसे झाले तेही पाहावे: लाइटकॉइन आणि मोनेरो सर्वांना एकाच वेळी मायनिंगसाठी खुली झाली, पण असंख्य नाण्यांचा मोठा हिस्सा निर्मात्यांनी आधीच स्वतःकडे ठेवलेला असतो. साखळी एखाद्या कंपनीला बंद पाडता येत असेल, तर ती कंपनीची वही आहे. आणि दरमहा ठरावीक परतावा मिळेल असे कोणी सांगत असेल, तर पुढचे काही वाचण्याचीही गरज नाही. या कसोट्यांवर हजारो नाण्यांपैकी मोजकी उतरतात. युक्तिवाद त्या मोजक्यांसाठीच आहे.

अशा नाण्यांची समाजाला गरज असणे आणि एखाद्याने ती विकत घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगाची किंमत तो प्रयोग समजून उतरलेल्यांनी द्यावी. निवृत्तिवेतनाच्या पैशातून ती देऊ नये. धोका वाटून घेण्यासाठी अनेक नाणी घ्या, हा सल्ला तर भारतात आणखी फसवा आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. दहा नाणी घेऊन नऊ बुडाली, तरी दहाव्याच्या नफ्यावर पूर्ण कर भरावा लागतो.